कागदाच्या लाइनीत

परवा कपाटातलं एक जुनं इंग्रजी पुस्तक उघडलं आणि पिवळ्या पानांच्या वासासरशी मी लंडनमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. आमच्या कागद कारखान्यानं तिघांना प्रशिक्षणाला पाठवलं होतं. मी घराण्यातला पहिला बी.एस्सी., त्यात विज्ञानकथांचं वेड. परग्रहांवर निघालेल्या माणसांच्या चार कादंबऱ्या छातीशी धरून उभा होतो.

आमचे साहेब पुण्याचे. त्यांनी सहज विचारलं, "वाचनाची आवड वडिलांकडून आली वाटतं? काय करतात ते?"

"कागदाच्याच लाइनीत आहेत," मी म्हणालो.

"अरे वा, म्हणजे व्यापारी!"

मी नुसता हसलो. साहेब दुसऱ्या कपाटाकडे वळले, तसा अहेरीचा आमचा फिटर रहीमभाई कानाशी आला. "काऊन बे, तुया बाप चांद्याच्या जंगलात आपल्या कारखान्यासाठी बांबू तोडते अन् तू त्याले शेठ बनवून राह्यला?"

"चूप राय ना भाऊ."

तेव्हा वाटलं, इज्जत वाचली. आज ते माझं हसू आठवलं की जेवण जात नाही.

परत आलो त्याच हिवाळ्यात बांबू तोडताना बाबांना वाघानं नेलं. जंगलात, अर्ध्या गावासमोर, पंचनामा लिहिणाऱ्या गार्डानं मला विचारलं, "मयताचा धंदा काय लिहू?"

मी सांगितलं.

"जोरानं बोला जी, आयकू नाई आलं."

मग मी ओरडलोच, "बांबू तोडे माया बाप! बांबू!"