काम झालं तरी बंद करू नका

परवा कळंबला क्लासचं कपाट आवरताना माझीच जुनी पाटी सापडली... 'काम झाले की कॉम्प्युटर बंद करा.' हसू आलं, थोडी लाजही वाटली.

बोंडअळीने कापसाची पार वाट लावली, ती वर्षं. शेतात राम उरला नाही म्हणून गावोगावची मुलं कॉम्प्युटर शिकायला आली आणि माझी आठ मशिनींची लॅब बावीसवर गेली. लोडशेडिंग तर पाचवीला पुजलेलं... इन्व्हर्टर वाचावा म्हणून ती पाटी.

परीक्षेच्या सकाळी पेपरची एक भलीमोठी फाइल सगळ्या मशिनींवर जायची होती. दोनच्या आत गेली नाही तर परीक्षा रद्द. प्रणिता नावाची मुलगी कापूस वेचता वेचता शिकत होती, आणि या परीक्षेचा निकाल जोडायचा होता त्या तिच्या नोकरीच्या अर्जाची मुदत त्याच आठवड्यात संपणार होती.

मी मात्र निर्धास्त. एकाच कॉम्प्युटरवरून बावीस जणांनी ओढलं तर तो धापा टाकणार, हे ठाऊक होतं. म्हणून फाइलचे तुकडे केले... ज्याला जो तुकडा मिळेल, त्याने तो इतरांना द्यायचा. मशिनी वाढल्या की देणारेही वाढतात, हे आदल्या दिवशी फळ्यावर ऐटीत शिकवलंही होतं.

साडेबारापर्यंत काम झकास चाललं. मग वेग एकदम पडला. वायरी हलवल्या, नेटवर्कचा स्विच बदलला, घाम फुटला...

प्रणिता जवळ आली. "सर, ज्यायचं झालं त्यायनं मशिनी बंद करून टाकल्या. मंग देईन कोण? वावरात आपली पाथ सरली म्हणून कोणी बाई घरी जाते काय? बाजूचीच्या पाथीले हात लावते."

पाथ म्हणजे वेचणीत वाट्याला आलेली ओळ. मी वळून पाहिलं... दहा मशिनी बंद. मुलांनी माझ्या पाटीचा मान राखला होता, आणि मी वायरींना शिव्या घालत होतो.

दहाही पुन्हा सुरू केल्या. पावणेदोनला फाइल सगळीकडे पोचली.

प्रणिताचा पेपर सर्वांत आधी झाला. तिथे शेजारणीला हात लावायची सोय नव्हती... पण ती बसस्टँडकडेही गेली नाही. शेवटची मुलगी बाहेर येईपर्यंत पायरीवर बसून राहिली, मग सगळ्या मिळून गेल्या.

नेटवर्क मी आजही ठणकावून शिकवतो, फक्त सुरुवात पाथीपासून करतो. प्रणिता, त्या गडबडीत तुझे आभार मानायचे राहूनच गेले... आज मानतो.