छप्पन्नबाई आणि मिस्त्रींची पेटी

खोकी बनवणाऱ्या त्या वखारीत तिला नावानं कुणी हाक मारत नाही. मालकापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांची ती छप्पन्नबाई. परदेशी जाणारा माल ज्या लाकडी खोक्यांतून जातो, ती आधी भट्टीत तापवावी लागतात. लाकूड पार गाभ्यापर्यंत छप्पन्न अंशांवर गेलं आणि तिथं अर्धा तास टिकलं, म्हणजे आतली कीड मरते. मगच खोक्यावर शिक्का बसतो. ही भट्टी बाईंच्या ताब्यात. कुणी घाई करायला आलं की त्या म्हणायच्या, "तुमच्यासारखे छप्पन्न पाहिलेत," आणि दार काही उघडायच्या नाहीत. नाव तिथूनच पडलं.

आल्या होत्या त्या फळ्या रचायच्या कामावर, लेक शाळेत होती तेव्हा. जुना भट्टीवाला गावी परतला आणि त्यांनी आपणहून विचारलं, मी शिकू का? तेव्हापासून ती पत्र्याची खोली, वरचे घरघरणारे पंखे, जाड फळीत भोक पाडून खुपसायच्या तापमापीच्या तारा आणि तापल्या लाकडाचा तो गोडसर वास, हे त्यांचं दुसरं घर झालं. थंडीत तर सगळी वखार त्यांच्याच दाराशी हात शेकायला जमायची.

नवरा सुतार. अख्खी आळी त्यांना मिस्त्री म्हणायची, आणि बाईसुद्धा चारचौघांत तेच म्हणायच्या. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून मिस्त्रींनी बाहेरची कामं सोडली होती, पण परसातल्या शेडमध्ये त्यांचा रंधा चालूच असायचा. खिळा मारणं म्हणजे हार मानणं, असं त्यांचं मत. सांध्यात सांधा बसवायचा, बस्स.

लेक लग्नानंतर परदेशी गेलेली. तिला दिवस गेल्याचं कळलं तसा मिस्त्रींनी पाळणा करायला घेतला. तयार वस्तूचे नियम वेगळे असतात, ते बाईंनी आधीच विचारून ठेवले होते. पाळण्याची काही अडचण नव्हती. अडचण झाली पेटीची. पाळणा ज्यातून जायचा ती पेटी मिस्त्रींनी कुणाला न सांगता केली, तीही परसातलं वादळात पडलेलं झाड कापून. कडांना साल तशीच ठेवली होती. लेक लहानपणी त्याच झाडावर चढून बसायची. साल बघून ती ओळखेल, असा बापाचा हिशेब.

कौतुकाची वाट बघत ते पेटीशेजारी उभे राहिले. बाई पेटीभोवती फिरल्या, सालीखाली नख घालून पाहिलं, आणि म्हणाल्या, "अहो, पेटी झकास झालीय. पण ही अशी जायची नाही. साल काढावी लागेल, आणि भट्टीत घालावी लागेल."

मिस्त्रींच्या कपाळाला आठ्या. कच्च्या लाकडाला भट्टीत घातलं तर ते वाकणार, सांधे सुटणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. बाईंनी मालकांचा तोडगा पुढे केला: प्लायवूडची पेटी करा, तिला हा नियमच लागू नाही. त्यावर मिस्त्रींनी विचारलं, मग पाळणाही पुठ्ठ्याचाच करू का? शेवटी मनातलं बाहेर आलं.

"शिक्का तुझ्याच हातात असतो ना? मार की एक. कोण बघायला येतंय?"

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर बाईंनी त्याला फाटकाबाहेर काढलं असतं. इथं 'आपला तो बाब्या' करायचा मोह त्यांनाही झालाच. मग त्या हळू म्हणाल्या, "लेकीच्या रस्त्यावरची झाडं आठवतात? फोनवर दाखवली होती तिनं. दोन्ही बाजूंना नुसते बुंधे. कुठल्या तरी खोक्यातून किडा आला आणि सगळा रस्ता उघडा पडला. आता आपल्या घरून दुसरा पाठवू?"

मिस्त्री उठून शेडमध्ये गेले. सकाळी बाई परसात गेल्या तर पेटीच्या चारी कडा सोललेल्या, आणि साल एका कोपऱ्यात नीट रचून ठेवलेली. टेम्पोत ते पेटीला टेकून बसले, पुढे चालकाशेजारी बसा म्हटलं तरी ऐकलं नाही. तापमापीसाठी भोक पाडायचं होतं, तेही दुसऱ्याला पाडू दिलं नाही. पेटीच्या सगळ्यात जाड पायात, दिसणार नाही अशा जागी, स्वतः पाडलं. मग भट्टीचं दार बंद झालं आणि हे बाहेर येरझाऱ्या घालत राहिले. मालक म्हणाले, मिस्त्री, ऑपरेशन आहे का?

दार उघडलं तेव्हा झाकण किंचित वाकलेलं होतं आणि एक कोपरा सुटला होता. मिस्त्रींनी फटीत अंगठा फिरवला, वरून दोन टिचक्या मारल्या. भुरभुर पीठ पडलं, आणि त्याबरोबर दोन पांढऱ्या, सुकलेल्या अळ्या. त्यांनी त्या तळहातावर घेतल्या. लाकडातली कीड त्यांनी जन्मभर पाहिली होती; पण ती नातवंडाच्या पाळण्याबरोबर प्रवास करेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"बरं झालं तू ऐकलं नाहीस," ते म्हणाले.

वखारीतल्याच तापवलेल्या लाकडाची पट्टी घेऊन त्यांनी कोपरा पुन्हा बसवला, झाकण नवं केलं. बाईंनी तापलेला शिक्का समोरासमोरच्या दोन बाजूंवर दाबला; गव्हाच्या लोंबीचं चिन्ह काळंभोर उमटलं. मिस्त्री मालकांना म्हणाले, "इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कामावर हिनं आज पहिल्यांदा शिक्कामोर्तब केलं."

पेटी सुखरूप पोचली. नात झाली, पाळण्यात झोपूही लागली. रिकामी पेटी टाकायची म्हणून जावयानं तिचे सांधे सोडवायचा प्रयत्न केला, पण एकही हलला नाही. आता ती दाराशी ठेवलीय आणि तिच्यावर बसून सगळे बूट घालतात. हे ऐकून मिस्त्री दोन दिवस हवेत होते.

मालकांनी तो कोपरा पाहिला होताच. अवघड आकाराच्या वस्तूंसाठी खोकी करायला ते मिस्त्रींना बोलावू लागले, आणि गुडघ्यांची तक्रार न करता मिस्त्री जाऊ लागले. गेल्या आठवड्यात माणसाहून उंच अशा एका तंतुवाद्याची पेटी होती. दुपारी दोघं भट्टीच्या उबेला बसून एकाच डब्यातून जेवतात. फळी जाड की पातळ यावरून त्यांचं रोज वाजतं. जाड फळी तापायला वेळ घेते म्हणून बाईंना पातळ हवी, मिस्त्रींना जाडच. त्या वाद्याच्या पेटीसाठी मात्र मधलं माप ठरलं, आणि उरलेलं लोणचं मिस्त्रींनी बाईंच्या पोळीवर वाढलं.