कोरडे निघालेले तांदूळ

धाकट्या जावेचा मला पहिल्या दिवसापासून राग. ती रंगानं उजळ म्हणून नाही, तिचं माहेर मोठं म्हणूनही नाही. तिचा नवरा तिचा होता, म्हणून. नागपूरला तो वकिली शिकायचा आणि माणसाच्या मनाच्या शास्त्राची जाड पुस्तकं वाचायचा. सुट्टीत सौंदडच्या ठेसनावर उतरून घरी आला की पाय धुवायच्या आधी तिला विचारायचा, "बरी आहेस नं?" आमच्या ह्यांनी मला आजवर विचारलं ते एवढंच, "सैपाक झाला का?" जळायची मी, खोटं कशाला सांगू!

दिराला नाद एकच. माणूस खोटं बोलताना त्याच्या अंगावर काय दिसतं, ते बघायचं. आमची मनगटं धरून नाडी बघायचा. मध्येच एखादा शब्द टाकायचा आणि म्हणायचा, "पहिलं काय मनात आलं, सांगा वहिनी." कोर्टात घाबरलेल्या माणसालाच गुन्हेगार समजतात, हे त्याला फार खुपायचं. जाऊ डोळे मोठे करून ऐकत बसायची. मी म्हणायची, "रिकामे धंदे!"

त्या वर्षी मळणीच्या दिवसांत, दीर सुट्टीत घरी असताना, सासूबाईंची एकदाणी गेली. सोन्याच्या मण्यांची, त्यांच्या लग्नातली. न्हाणीत जाताना कोठीतल्या खुंटीला अडकवली, येऊन बघतात तर खुंटी रिकामी. पुरुष खळ्यावर, तेव्हा घरात आम्ही दोघी जावा आणि धान कांडायला येणारी म्हातारी. आता यासाठी ठाण्यात कोण जातो? आमच्या गावाचा कायदा वेगळा. भगताला बोलावलं. त्यानं तांदूळ मंतरले. चिमूटभर तोंडात घ्यायचे, चावायचे, पळसाच्या पानावर थुंकायचे. चोराचे कोरडे निघतात. आणि कोरडे निघाले की सून माहेरी, जन्माची.

म्हातारीचे ओले निघाले. जावेची पाळी आली तसा दीर आडवा झाला. "माही बायको चोर नाही. ती नाही चावत."

तीच हसली. "चावतो नं मी. काय होते?" तिचेही ओले.

मग मी. मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, हेही म्हणतील. नुसतं तोंडदेखलं तरी म्हणतील. हे खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत होते. माझी जीभ टाळूला चिकटली. पानावर पडले ते तांदूळ कोरडे ठणठणीत.

"अगं माय! घरातच साप पोसला मीनं!" सासूबाई किंचाळल्या. ह्यांचा अंगठा सारवण उकरतच राहिला.

बोलला तो दीर. "माय, आता तू चाव."

"मी? कायले?"

"तूच एकदाणी लपवली आन् सुनेवर आळ घेऊन राहिली, असं मी फौजदाराले लिहून देतो. तो तुले साऱ्या गावासमोर विचारील. चाव."

सासूबाईंनी तावातावानं तांदूळ तोंडात कोंबले. चावता चावता त्यांचे डोळे भिरभिरायला लागले. पानावर बघितलं तर त्यांचेही कोरडे.

"तोंड भीतीनं सुकते माय, चोरीनं नाही," दीर म्हणाला. "न भेणारा चोर सुटते आन् भेणारा साव फासावर जाते." भगतानं आपली पानं गोळा केली आणि न जेवताच गेला.

दोन दिवसांनी एकदाणी सापडली. खुंटीखालच्या, धान साठवायच्या ढोलीत पडली होती. सासूबाईंनी मला कुंकू लावलं. जावेनं मिठी मारली, म्हणाली, "मले ठाऊकच होतं!" माझा तिळपापड झाला. हिला ठाऊक होतं म्हणे! ज्यांना ठाऊक असायला हवं होतं त्यांचं काय? आणि माझी बाजू घेतली तीसुद्धा हिच्याच नवऱ्यानं. तेवढंही मला माझं मिळालं नाही.

दुपारी हे ओसरीवर एकटे बसले होते. मी सुपातले चिमूटभर तांदूळ त्यांच्यापुढं धरले. मंतरलेले नव्हते, घरचेच.

"चावा."

"काऊन? सापडली नं एकदाणी."

"चावा आन् सांगा. मी चोर वाटली होती का तुमाले?"

"नाही वो. याड लागलं का तुले?" हसत त्यांनी तांदूळ तोंडात टाकले. मला काही ते भ्यायचे नाहीत, आयुष्यात कधी भ्याले नव्हते. म्हणजे भीतीचा प्रश्नच नव्हता. चावता चावता त्यांचं हसू गेलं. बराच वेळ नुसता जबडा हलत राहिला. मी हात पुढं केला, त्यावर त्यांनी ते काढले.

कोरडे होते.