चार बोटं हवा

आमच्या झूलॉजी लॅबमध्ये धूळ आणि किस्से दोन्ही कुणी झाडत नाही. नुसते साठत जातात. मी जिंतूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. माझ्या किश्श्यांची सुरुवात एका काचेपासून झाली.

त्या सोमवारी पहिल्यांदा खटकली ती काचच. माझ्या मरळ माशांच्या दोन टाक्यांपैकी एकीवर जाळी असायची, तिथे घट्ट काच! खाली सगळ्यांची तोंडं काचेला टेकलेली. मी किंचाळलेच. काच ओढली तसा एकेकानं गुळूक करून हवेचा घोट घेतला.

"उड्या मारायलेत म्हणून झाकलं, मॅडम," लॅब सांभाळणारे दत्तामामा म्हणाले.

"अहो मामा, मरळ वर येऊन हवा घेते. नाही मिळाली तर बुडून मरते!"

"मासा बुडतो?" मामा बघतच राहिले. "मग पवायचं कुणी, आमी?"

*

दुपारपर्यंत गोष्ट स्टाफरूममध्ये! आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, "लाइफ जॅकेट मागवू का, मॅडम?" सगळे खो-खो.

आणि हेच सर एम.एस्सी.ला माशांच्या श्वसनाचा धडा शिकवतात! मी चिडून म्हणाले, "सर, मरळीचे कल्ले लहान असतात. मोठे असते तर वरून घेतलेला ऑक्सिजन त्यांच्यातूनच खराब पाण्यात निघून गेला असता. नुसत्या कल्ल्यांवर ती जगत नाही."

"करेक्ट! पेपरात आलं तर फुल मार्क," सर म्हणाले. "पण लॅबमध्ये कशाला?"

*

माझी पीएच.डी. याच माशांवर आहे. बोटाएवढे होते तेव्हापासून वाढवलेत. एका टाकीत साचलेलं पाणी, दुसरीत ताजं. वाढताना कल्ल्यांत काय फरक पडतो ते बघायचंय. हे मी केमिस्ट्रीच्या मॅडमना जीव तोडून समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

मग विचारलं, "झाल्यावर रस्सा करणार का फ्राय?"

*

मग सरांनी टाकीसाठी हवेचा पंप आणला. फीत, नारळ, फोटो! फोटोत कात्रीचं ताट धरून कोण? मी!

"घ्या, हवा थेट पाण्यात. आता तरी झाकू द्याल?"

"नाही सर. कितीही बुडबुडे सोडा, तिला तोंड वर काढावंच लागतं. वर चार बोटं जागा हवीच." तशी लाल अक्षरांत चिठ्ठीच चिकटवली टाकीवर.

सर मामांकडे वळले. "मॅडमपेक्षा मासे बरे. बोलत तरी नाहीत!"

*

गेल्या आठवड्यात कॉलेजात तपासणीची कमिटी आली, आणि नेमकं त्याच दिवशी मला परभणीला पेपर तपासायला धाडलं. परतीच्या एसटीत ग्रुपवर सरांचा फोटो आला: 'आमची चकाचक लॅब!' मी झूम केलं. दोन्ही टाक्या काठोकाठ. वर काच. काचेवर फुलदाणी! माझी चिठ्ठी गायब.

मामांचा फोन बंद. सरांनी कट केला. परत लावला, परत कट. संताप असा की फोन खिडकीतून भिरकावून द्यावा.

शेजारच्या मावशी दचकल्या. "काय झालं गं माय?"

"बुडायलेत! सगळे बुडायलेत!"

कंडक्टरनं टणकन बेल मारली. गाडी थांबली. "कोण बुडायलंय?"

"मासे!"

अख्खी गाडी माझ्याकडे बघत राहिली. कंडक्टरनं डबल बेल मारली.

मी लावतच राहिले. बोरी गाव मागे पडलं तेव्हा कुठं सरांनी उचलला. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, कमिटी लय खूश! म्हणाले, इतके शांत मासे आजवर कुठंच बघितले नाहीत!"