भुयारातली टेस्ट

बाबा कारखान्याच्या ट्रेनिंगसाठी काही महिने जपानला जाऊन आले, तेव्हा पिपलानीतल्या कारखान्याच्या टाउनशिपमधली, आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतली माणसं साड्या आणि कॅमेरा बघायला जमली होती. बॅगेतून निघालं काय, तर एक छोटा टीव्ही, एक खेळण्यासारखं दिसणारं यंत्र आणि एकुलता एक व्हिडिओ गेम. तोही अख्खा जपानी. बाबांना जपानीतलं ‘धन्यवाद’ आणि ‘मांस नको’ एवढंच येत होतं.

गेममध्ये एक ठेंगणा योद्धा होता. तो गावोगाव हिंडायचा, लोकांशी बोलायचा, राक्षस मारायचा आणि भुयारात शिरायचा. बाबा आणि मी तो निव्वळ अंदाजाने खेळलो. कोण काय म्हणतंय ते कळत नसल्यामुळे सगळे आपलं भलंच चिंततायत, असं आम्ही धरून चाललो होतो. राजाला भेटलं की तो दर वेळी अक्षरांची एक लांबलचक ओळ दाखवायचा. बाबा म्हणायचे, “शाबासकी देऊन राहिला.” खरं तर ती ओळ लिहून घ्यायची होती. पुढच्या वेळी तीच भरली की खेळ सोडला तिथून सुरू व्हायचा. आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. आमच्या लेखी यंत्र बंद झालं की योद्धा मेला, म्हणून ते बंदच करायचं नाही. टाउनशिपची वीज सहसा जात नसे. कारखान्यात दुरुस्ती चालू असलेल्या यंत्राच्या स्विचला लाल पाटी टांगतात, तशी बाबांनी घरातल्या स्विचला टांगली. जो टांगेल त्यानेच ती काढायची. आई टेबलफॅन लावायला तिकडे वळली तरी बाबा पेपरातून ओरडायचे.

गेल्या हिवाळ्यात हा गेम मी पुन्हा खेळायला घेतला तो हौसेने नव्हे. आई गेल्यापासून बाबा पिपलानीजवळच्या इंद्रपुरीतल्या घरी एकटे आणि मी पुण्यात. बाबा विसरायला लागले होते. एकदा भाजी आणायला म्हणून निघाले आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, करोंदच्या धान्यमंडीत सापडले, गव्हाच्या पोत्यावर बसलेले. मी पुण्याहून आले, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना आता एकटं बाहेर सोडू नका. बाबांचे कान मात्र शाबूत होते. घरी आल्यावर बूट न काढताच म्हणाले, “मला कोंडशील तर मी मरून जाईन. खरं सांगतो तुला.” सकाळचं फिरणं एवढंच त्यांचं स्वतःचं उरलं होतं आणि तेवढं काढून घेण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मला डॉक्टरांचा राग आला, मला भावंडं नाहीत याचा राग आला आणि खोटं कशाला बोलू, बाबांचाही आला.

मन रमेल म्हणून मी लॅपटॉपवर तो गेम शोधून लावला, इंग्रजी भाषांतरासकट. आता आजच्या खेळाडूचे सगळे लाड होते. हवं तिथे थांबा, खेळ साठवा, कंटाळा आला की वेग वाढवा. आधी मी खूप हसले. मग ती माणसं बोलायला लागली.

भुयाराच्या तोंडाशी एक म्हातारा उभा असायचा. लहानपणी मला तो आशीर्वाद देणारा वाटायचा. बाबा तर त्याला हात जोडून “रामराम” करायचे. तो म्हणत होता, “माझा मुलगा आत गेला तो आलाच नाही. तुम्ही मागे फिरा.” विहिरीवरची बाई तेच म्हणत होती. पहारेकरीही तेच. अख्खं गाव आमच्या विनवण्या करत होतं आणि आम्ही रामराम घालून पुढे जात होतो. भर दुपारी, उन्हात बसून मला हुडहुडी भरली.

मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बरं झालं तेव्हा कळलं नाही. गेलोच नसतो.”

बाबांची सगळी नोकरी टेस्टिंगमध्ये गेली. टेस्ट पास झाल्याशिवाय एकही मोटर कारखान्याच्या शॉपबाहेर जात नसे, मग वरचा साहेब किती का नाचेना. मी त्यांचीच मुलगी. मी मनाशी ठरवलं, एके काळी पाठ असलेलं हे भुयार बाबांनी पार केलं तर सकाळचं फिरणं चालू. त्यांना हे सांगितलं नाही, पण त्यांनी ओळखलं असावं. त्यांनी चष्मा पुसला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि खुर्ची पुढे ओढली.

आत काळोख. योद्ध्याभोवती तेवढा मशालीचा उजेड. एकेक मजला खाली उतरावं तसं संगीत संथ आणि जड होत जातं, हे मी विसरले होते. मी वेग वाढवायला गेले तर बाबांनी माझा हात बाजूला सारला. ते कुठे अडखळले नाहीत. वळण, जिना, पुन्हा वळण आणि पलीकडे उजेड. “झालं,” बाबा म्हणाले. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. शेजारच्या काकूंना सांगून आले की बाबांचं डोकं अगदी ठणठणीत आहे. त्या म्हणाल्या, “हम तो पहले ही कह रहे थे, बिटिया.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मफलर गुंडाळून निघाले. मी त्यांना अडवलं नाही. पोहे केले. पोहे गार झाले. मग काकूंच्या यजमानांनी स्कूटर काढली आणि मी मागे बसले. बाजार पाहिला, देऊळ पाहिलं, पिपलानीतलं आमचं जुनं क्वार्टर पाहिलं. दुपार कलली.

कारखान्याच्या लांबच लांब कंपाउंड वॉलशेजारी बाबा दिसले. डावा तळवा भिंतीला टेकवून हळूहळू चालत होते. तळवा सोलवटला होता. काल पडद्यावरचा योद्धाही असाच डाव्या भिंतीला चिकटून चालला होता. मी ते पाहिलं होतं आणि त्याला आठवण समजले होते. बाबांना भुयारातलं काहीच आठवत नव्हतं. भिंत सोडली नाही की त्या भुयारातून कोणीही कधी ना कधी बाहेर पडतं. पण ही भिंत बाहेरून नुसती गोल फिरते. कधीपासून चालत होते, कुणास ठाऊक.

मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. बाबांनी मला लगेच ओळखलं, घरच्या नावाने हाक मारली. मला हायसं वाटणार तोच त्यांचा चेहरा भीतीने पांढरा पडला.

“तू कशाला आत आलीस?” ते म्हणाले. “आता तुलाही बाहेर पडता येणार नाही.”

मग त्यांनी माझा हात घेतला आणि तळवा नीट पसरून भिंतीवर ठेवला.