चाचांची उलटी वही

परंड्याच्या शाळेत मी इंग्रजीचा मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा मला मिसरूड जेमतेम फुटलं होतं आणि अक्कल मात्र ओसंडून चालली होती. निदान मला तसं वाटायचं. गावात इंग्रजी येणारं दुसरं कुणी फारसं नव्हतं, त्यामुळे माझ्या चुका काढणारंही कुणी नव्हतं.

शेजारी चाचा राहायचे. तहसिलीत कारकून, वय पन्नाशीला टेकलेलं. निजामाच्या काळात सगळं दप्तर उर्दूत होतं, आणि चाचांचं अक्षर असं की लोक अर्ज त्यांच्याच हातचा हवा म्हणून दिवसभर कचेरीबाहेर बसून राहत. विलीनीकरणानंतर दप्तर मराठीत आणि इंग्रजीत गेलं. मराठी लिहिणं त्यांनी वर्षभरात उरकलं. इंग्रजीच्या खातेपरीक्षेत मात्र एकदा नापास झाले. आता शेवटची संधी होती. तीही गेली तर घरी बसायचं, आणि घरात तर खाणारी सात तोंडं. माझ्याकडे शिकवणी मागायला ते आले ते टोपी हातात घेऊन. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

शाळा सुटली की त्यांच्या ओट्यावर शिकवणी चाले. सगळं सुरळीत होतं, ‘टेक’ येईपर्यंत. मी सांगितलं, टेक म्हणजे घेणं. मग चहा टेक, रजा टेक, आंघोळही टेक. फोटो काढायचा तरी टेक. इथवर चाचांनी ऐकून घेतलं. मुलगा वडिलांच्या वळणावर गेला हेही टेकनंच सांगतात म्हटल्यावर त्यांनी टाक खाली ठेवला.

“बाप काय घ्यायची चीज हाय का, मास्तर?”

मी वैतागलो. म्हटलं, “चाचा, अर्थ लावू नका, पाठ करा.”

“वैतागू नका. आपल्या मराठीत काय कमी हाय? भूक लागती, ठेच लागती, नोकरी लागती. आंबा गोड लागतो. परवा नातीला नजर लागली. आपुन कधी कुनाला जाब विचारला का?”

आतून चाचींचं हसू ऐकू आलं. मीही हसलो, पण पाठ करायचा हुकूम काही मागे घेतला नाही.

एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. चाचांची वही उलटी होती. ओळी डावीकडून उजवीकडे अगदी शिस्तीत, पण पहिला धडा शेवटच्या पानावर आणि दुसरा त्याच्या अलीकडच्या. उर्दूचं पुस्तक तसंच उघडतं. तीस वर्षांची सवय. मला त्याची मोठी गंमत वाटली. शाळेत इतर मास्तरांना मी त्यांची नक्कल करून दाखवली. चाचांना मात्र काही बोललो नाही.

परीक्षा उस्मानाबादेला झाली. संध्याकाळच्या बसनं चाचा परतले, मी स्टँडवर गेलो होतो.

“पेपरात टेकची धा वाक्यं घाला म्हणले होते. समदी घातली,” ते म्हणाले.

मी हवेत. घरी चहा पिताना कुठली वाक्यं ते दाखवायला त्यांनी वही घेतली आणि सहज मागून उघडली. पेपरही असाच उघडला असेल तर? तपासणारा पहिलं पान उलटेल, कोरं, पुढचंही कोरं. शून्य देऊन पेपर बाजूला टाकेल. विचारायचा धीर मला झाला नाही.

पुढचे दोन महिने मी चाचांना टाळत होतो. समोर आले तर ज्वारीचं विचारायचो, तेही ज्वारीचंच सांगायचे. जेवण जाईना. स्वतःची एवढी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

निकाल लागला. चाचा पास. पेढे घेऊन घरी आले तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, “चाचा, मला भीती होती, तुम्ही पेपर मागून लिहिला असेल.”

“मागूनच लिहिला,” ते शांतपणे म्हणाले. “घंटा व्हायला पाच मिनिटं होती, तवा शेजारच्याचा पेपर दिसला. त्याचं पहिलं पान भरल्यालं, माझं कोरं.”

“मग?”

“मग त्या कोऱ्या पानावर चांगल्या अक्षरात लिहिलं: काइंडली टेक ट्रबल, बिगिन फ्रॉम लास्ट पेज. तुमी हे शिकवलं न्हवतं. पर अर्जात आपुन लिहितोच की, मेहेरबानांनी तसदी घ्यावी. टेक म्हंजे घेणं, मग तसदीबी घेता येत असंल.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुमी आधीच वाळत चालला होता. म्हटलं, निकालापतूर तुमाला आणि घोर कशाला?”

मी पेढा हातात धरून तसाच बसलो. पहिल्या दिवशी ती वही सुलटी करून द्यायला मला एक मिनिट पुरलं असतं. नकला करायला मला वेळ होता, तेवढी तसदी मात्र मी घेतली नव्हती.