गाडीखालचा पेपर

आमच्या गाडीखाली रोज कालचा पेपर अंथरलेला असायचा. पप्पा त्याच्या चार घड्या घालून तो बरोबर गिअरबॉक्सच्या खाली सरकवायचे आणि उडू नये म्हणून कडांवर दोन दगड ठेवायचे. पोर्चच्या शहाबादी फरशीवर तेलाचा डाग पडलेला त्यांना चालत नव्हता. सकाळी मी कामाला निघण्याआधी ते पेपर ओढून काढत, उजेडात धरत आणि माझ्या हातात देत. जणू काही तो रिपोर्ट मीच वाचायचा होता.

तसं माझं काम तेच आहे. धुळ्यातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. आम्ही राहतो अमळनेरला. रिकाम्या पोटी रक्त द्यायला आलेले लोक सकाळी लवकर रांगेत उभे असतात, आणि त्या वेळेला पोचवणारी एसटी नाही. म्हणून मी पप्पांची जुनी गाडी नेते. मी दुसरीत असताना त्यांनी ती घेतली होती. डोळ्यांचा त्रास सुरू झाल्यावर त्यांनी स्वतः चालवणं सोडलं, तरी 'माझी गाडी' असंच म्हणत राहिले.

पप्पा पंचायत समितीत कारकून होते. वस्तू जपणं हा त्यांचा स्वभाव. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, इन्व्हर्टरला कापडी कव्हर आणि त्या कव्हरवर दुसरं कव्हर. जे काही बांधायचं ते तांब्याच्या बारीक तारेनं, दोन पिळे देऊन, आणि तारेचं टोक कुणाला टोचू नये म्हणून आत मुडपलेलं. मम्मी म्हणायची, "मी एका जागी जास्त वेळ बसत नाही. मलाही बांधून ठेवतील."

त्यामुळे गाडीतून तेल गळायला लागलं तेव्हा पप्पांना ते स्वतःच्याच हलगर्जीपणासारखं वाटलं असावं. आधी वाटलं इंजिनचं तेल असेल. मी पेपर नाकाशी नेला. सडक्या लसणासारखा वास. आमच्या घराजवळच्या गॅरेजवाल्या आबांनीही वासावरूनच सांगितलं, गिअरचं तेल आहे. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारे दोन दांडे जिथून बाहेर निघतात, तिथली रबरी सीलं गेली असणार.

आबा सत्तरीच्या आसपासचे. एका कानाने कमी ऐकतात. माझ्याशी बोलताना ते अर्धं शुद्ध मराठी बोलायचा प्रयत्न करायचे आणि अर्ध्या वाटेत अहिराणीवर यायचे. मला अहिराणी समजते, बोलता येत नाही. शाळेत बोललं की हसायचे, घरी पप्पांनी बोलू दिली नाही. एकूणच मी कमी बोलते. आबांना हे पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"इंग्लिश मिडियमनी पोर शे ना," ते पप्पांना म्हणाले, "इंग्रजीमा लाजस."

सीलं बदलायची होती त्या दिवशी मी नुकतीच धुळ्याहून आले होते आणि गाडी तशीच गरम त्यांच्याकडे लावली होती. शेजारी हवा भरायच्या मशीनची धडधड चालू होती. आबा खाली सरकले, आणि तेल काढण्याआधी त्यांनी गिअरबॉक्सचा बाजूचा नट सैल केला. तेव्हा एक आवाज आला. सोडा वॉटरच्या बाटलीचं झाकण हळूच उघडल्यासारखा. मी चाकाशेजारी उभी होते म्हणून मला ऐकू आला. आबांना नाही. हा आवाज कसला, असं विचारावंसं वाटलं, पण मराठीत नेमकं कसं विचारायचं याची जुळवाजुळव करेपर्यंत तेल ट्रेमध्ये पडायला लागलं होतं.

त्यांनी दोन्ही दांडे बाहेर काढले. जुनी सीलं निघाली ती टोस्टसारखी कडक, बोटाने दाबली की तुकडा पडायचा. नवी सीलं मऊ काळी होती, आतल्या काठाला केसाएवढी बारीक स्प्रिंग. आबांनी काठाला ग्रीस लावलं आणि जुन्या बेअरिंगची कडी वर ठेवून हळूहळू ठोकत ती बसवली, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला.

"बठ्ठं बदली टाकं," ते हात पुसत म्हणाले. "आते गळाव नही."

आठ दिवसांनी पेपरवर पुन्हा वाटीएवढा डाग होता.

पप्पांनी त्या दिवशी पेपर माझ्या हातात दिला नाही. घडी घालून रद्दीत टाकला. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ते फोनवर शिंदखेड्याच्या कुणाशी तरी बोलत होते. रविवारी अकरा वाजता तो माणूस गाडी न्यायला येणार होता.

"जुनी झाली," पप्पा जेवताना म्हणाले. "तू धुळ्याला खोली बघ. तुझ्या लॅबमधल्या दोघी राहतातच की एकत्र."

त्या दोघी चांगल्या आहेत. पण दिवसभर लोकांच्या हातांवर पट्टा बांधून, सुई टोचून, "घाबरू नका" म्हणून झाल्यावर मला तो परतीचा रस्ता लागतो. काचा वर, शेजारी कुणी नाही. कापसाच्या ट्रॅक्टरमागे हळूहळू जावं लागलं तरी चालतं. हे सगळं मी घरात कधी सांगितलं नव्हतं. मला गाडी हवी आहे, एवढंसुद्धा नाही. त्या दिवशीही मी "बघते" म्हणाले आणि ताट उचललं.

पण डोक्यात पेपर चालूच होते. ज्या दिवशी मी धुळ्याला जाऊन यायचे, त्याच्या दुसऱ्या सकाळी डाग मोठा असायचा. सुट्टीच्या दिवशी मम्मीला नुसती भाजी बाजारात नेलेली असली, तर पेपर जवळजवळ कोरडा. सील खराब असेल तर ते गाव बघून गळेल का? आणि तो आवाज. त्या गिअरबॉक्सच्या आत काहीतरी दाबून राहिलेलं होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शनिवारी मी अर्धी रजा घेऊन दुपारी परतले. पप्पांना गाडी विकण्याआधी एकदा आबांना दाखवायचीच होती. "गळकी गाडी कुणाच्या गळ्यात मारायची नाही," असं त्यांचं म्हणणं. आबांनी आम्हाला बघितलं आणि त्यांचं तोंडच उतरलं. चहा मागवला, पण स्वतः घेतला नाही.

"सील मीच ठोकं व्हतं," ते म्हणाले. "वाकडं बसनं नही ते. मन्हा हातले समजस."

पप्पा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले. आबा पाना घेऊन खाली सरकायला लागले. मी म्हणाले, "आबा, थांबा."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. दोघांनी वळून बघितलं.

"त्या दिवशी तुम्ही तो बाजूचा नट उघडला ना, तेव्हा आवाज आला होता."

"कसा आवाज?"

मला शब्द सापडेना. रस्त्यावरून माणसं जात होती, चहावाला ग्लास घेऊन उभा होता.

"फुस्स," मी म्हणाले.

चहावाला हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी चांगला कान माझ्याकडे केला. "अजून एक डाव कर."

"फुस्स."

"मंग तवय काबर नही सांगं, माय?"

 तेव्हाच का नाही सांगितलं, याच्या उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. शेजारचं हवा भरायचं मशीन बंद करायला लावलं, खाली जाऊन नट सैल केला, आणि या वेळी तो आवाज पप्पांनाही खुर्चीत ऐकू आला.

आबा उठले, बॉनेट उघडून गाडीची बॅटरी काढली, तिच्याखालचा ट्रे काढला. त्याच्या खाली, गिअरबॉक्सच्या डोक्यावर, चिखल आणि तेल साचून घट्ट झालेला थर होता. त्यांनी तो खरवडला. आतून पेन्सिलीएवढी एक रबरी नळी निघाली. आतली गरम हवा बाहेर जायला असते ती. तिच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा टोपीसारखा चढवलेला होता, आणि तो तांब्याच्या बारीक तारेनं बांधलेला होता. दोन पिळे. टोक आत मुडपलेलं.

मी ते ओळखलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मला वाटलं, मी काही बोलले नाही तर हे इथेच संपेल. कुणीतरी बांधलं असेल, पूर्वीचा कुणी मेकॅनिक.

"ते मी बांधलंय," पप्पा म्हणाले.

ते खुर्चीतून उठून आले होते. दोन वर्षांपूर्वी नाल्यावरच्या फरशी पुलावरून पाणी चाललं होतं, तेव्हा रांगेतल्या एका ट्रकवाल्याने सांगितलं होतं की ही नळी बंद करा, नाहीतर आत पाणी जाईल. पप्पांनी बंद केली. पलीकडे गेल्यावर ती टोपी काढायची राहिली.

"पानी जावाले नको म्हनीसन तुम्ही तिनं नाकच बांधी टाकं, भाऊ!" आबा आता मोठ्यानं हसत होते. त्यांच्या मनावरचं मोठं ओझं उतरलं होतं. "गरम व्हयनी की हवा जाई कुठे? सीलमधून निंघी!"

पप्पा हसले नाहीत, पण त्यांनी खुर्ची गाडीच्या जवळ ओढली. आबांनी दाबाने काठ उलटलेली सीलं पुन्हा बदलली. टॉर्च धरायला मी होते. नवीन सील बसवण्याआधी त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "बोट फिराव. गुळगुळीत लागनं पाहिजे." मी ग्रीस लावलेलं बोट आतल्या काठावरून फिरवलं. एका जागी वाळूचा कण लागला. मी तो काढून दाखवला. आबांनी मान हलवली आणि दुसरं सीलही आधी माझ्याकडेच दिलं.

मग ते म्हणाले, धुळ्याला जाऊन या. पप्पा शेजारच्या सीटवर बसले.  परत येताना एका वळणाआधी ते म्हणाले, "तू गिअर वेळेवर बदलतेस." बस, एवढंच.

रविवारी सकाळी त्यांनी दगड बाजूला केले, पेपर ओढला आणि न बघताच माझ्या हातात दिला. मी तो उलटा करूनही बघितला.

"नॉर्मल," मी म्हणाले.

"मग अकरा वाजता येणाऱ्याला काय सांगू?"

ते खरोखर विचारत होते. मम्मी दारात उभी होती. या वेळी मी जुळवाजुळव केली नाही.

"मला गाडी हवी आहे, पप्पा. मला खोली नको."

त्यांनी फोन लावला. "नाही, गाडी देत नाहीये," ते म्हणाले. "नाही, भाव वाढवून मागत नाही हो. मुलीची गाडी आहे. ती धुळ्याला नेते रोज."

ट्यूबचा तो तुकडा मला सोमवारी डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडला. स्वच्छ धुऊन, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला आणि तारेनं बांधलेला.